आमच्यात न धरलेली मेणबत्ती

आमच्या सासरी कोण हयात आहे आणि कोण गेलं, हे खंडेनवमीच्या पाटावर नजर टाकली की कळायचं. घराणं रिसाल्यातलं, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात चाकरी. लग्नात नवऱ्या मुलाच्या हाती घरची एक तलवार द्यायची आणि ती जन्मभर त्याची. नवमीला सगळ्या तलवारी पाटावर ओळीनं मांडायच्या. जो हयात आहे त्याची म्यानाबाहेर काढून, पात्याला तेल आणि कुंकू लावून. जो गेला त्याची म्यानातच, वर शेवंतीचं एक फूल ठेवून. हा रिवाज देशावरून बरोबर आणलेला की इथंच कुणाच्या डोक्यातून निघालेला, हे मी सासरी आल्या आल्या विचारलं होतं. सांगता कुणालाच आलं नाही, पण नव्या सुनेनं विचारलंच कसं, यावरून बोलणी मात्र पुष्कळ खाल्ली. सण कुठून आला हे विचारायची खोड मला तेव्हापासून आहे. पुढं शाळेत शिकवायला लागले तेव्हा ती कामी आली, पण तोवर तिनं मला रडवलंही.

पहिल्या जर्मन लढाईच्या शेवटच्या साली माझ्या यजमानांची तलवार कशी मांडायची, हा प्रश्न आला. ते संस्थानच्या रिसाल्याबरोबर मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेले होते. सुरुवातीला ख्यालीखुशाली येत होती, मग ती थांबली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीत चौकशीला गेले, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तुमचा मुलगा बेपत्ता आहे. जिवंतांत नाही आणि मेलेल्यांतही नाही. कचेरीला असा शब्द चालतो. घराला चालत नाही, कारण घरात पितृपक्ष येतो, नवमी येते, दिवाळी येते, आणि प्रत्येक सण दारात उभा राहून तेच विचारतो.

यजमानांचा सहवास मला थोडाच मिळाला. लाजाळू माणूस. कवायतीहून येताना पागोट्याच्या शेमल्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा बांधून आणायचे, निम्म्या आईच्या पदरात टाकायचे, निम्म्या माझ्यासाठी चुलीमागं ठेवायचे आणि काहीच केलं नाही अशा चेहऱ्यानं निघून जायचे. सासूबाईंना ते सगळं दिसायचं. त्या फक्त म्हणायच्या, आज चुलीमागं उंदीर फार झालेत.

श्रावण सरता सरता रिसाल्याचा एक नालबंद आजारी होऊन तिकडून परत आला. पहिल्यांदा तो आला तो भर दुपारी. पुरुष घरात नव्हते, मी मागं विहिरीवर होते. मी कळशी घेऊन आत येईपर्यंत तो पाणी पिऊन मान खाली घालून बसला होता आणि सासूबाई खांबाला धरून उभ्या होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, हा संध्याकाळी सगळ्यांसमोर काय ते सांगेल. संध्याकाळी त्यानं सांगितलं: पहाटेच्या धुक्यात चकमक झाली, पळापळ झाली, तुमच्या मुलाचा घोडा परत आला, पाठीवर स्वार नव्हता. एवढंच.

त्यावर पहिल्यांदा बोलले ते मामंजींचे थोरले भाऊ. थोरले मामंजी आमच्याच गल्लीत राहायचे, रिसाल्यातूनच निवृत्त झालेले, आणि घराण्यात शब्द त्यांचा. ते म्हणाले, घोडा रिकामा आला की काय समजायचं ते माझ्या चाकरीत मी शिकलोय. मग त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. मी हिरव्या बांगड्या पदराखाली घेतल्या.

त्यांना मी मनातल्या मनात फार वर्षं दुष्ट म्हणत असे. आता म्हणवत नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा प्लेगात गेला होता, आणि सुनेच्या बांगड्या त्यांनी दुसऱ्या कुणाला फोडू दिल्या नव्हत्या; रीत मोडायची नाही म्हणून स्वतः उभे राहिले होते. ती सून त्यांच्या मागच्या खोलीत असायची, पाहुणे आले की दार ओढून घ्यायची, शुभकार्यात तिची सावली चालत नसे. ज्यानं हे स्वतःच्या घरात केलं, त्याला भावाच्या घरात माझ्या हातातला चुडा कसा बघवणार? हे मला कळतं. कळलं तरी राग येतो, आणि तो मी आवरत नाही.

माझं काय होणार हे ठरल्यासारखंच होतं. पिंड पडला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि मला कोट्याला वडिलांकडं पाठवायचं. एच. डी. कोटे म्हणजे तेव्हा जंगल आणि हिवताप. घरात सावत्र आई होती, माझी दोन भावंडं त्याच तापानं गेली होती. मला कुणी विचारणार नव्हतं. बोलायची सोयही नव्हती, कारण नवरा जिवंत आहे असं मी म्हटलं तर ते म्हणणार, स्वतःसाठी म्हणते.

बोलत होत्या त्या सासूबाई. आणि त्यांची माझ्यावर काही फार माया आहे असं तोवर मला वाटलं नव्हतं. कडक बाई. भात मऊ झाला तर ताट सरकवून उठायच्या.

सर्वपित्री अमावास्येला भटजी आले. ज्याची तिथी ठाऊक नाही, ज्याचं करायचं राहून गेलं, त्या सगळ्यांचा हा दिवस. थोरल्या मामंजींचं म्हणणं एवढंच की यापेक्षा सरळ ते काय. एक पिंड जास्त ठेवा, मुलगा उपाशी तरी राहणार नाही. भटजी घुटमळले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहावी असं शास्त्र आहे, ते म्हणाले, पण कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर गोष्ट निराळी. लगेच नालबंदाला बोलावणं गेलं.

त्याला देवघरासमोर उभा केला आणि त्याच्या तळहातावर खंडोबाचा भंडारा ठेवला. मी स्वयंपाकघरात दाराआड उभी होते. वरणाला उकळी येऊन ते उतू गेलं, तरी मला हलता येईना. सासूबाई पळी हातात धरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. थोरल्या मामंजींनी विचारलं, पडताना पाहिलंस का? नालबंदानं त्यांच्याकडं पाहिलं नाही, सासूबाईंच्या पायांपुढच्या जमिनीकडं पाहिलं.

“घोडा आला, स्वार आला नाही. एवढंच मला सांगता येतं.”

त्यांनी पुन्हा विचारलं. भंडारा त्याच्या बोटांतून खाली सांडत होता. तेव्हा सासूबाई पुढं झाल्या. आजारी माणसाला सुम्मने, म्हणजे उगाच, किती वेळ उभं ठेवता, म्हणाल्या, पितरांच्या दिवशी कुणाला भोवळ आणू नका, त्याला पानावर बसवा. भटजींनाही तेच हवं होतं. साक्ष नाही, तेव्हा पिंड नाही, असं म्हणून ते मोकळे झाले.

पण दुपारी घास कौलांवर ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या नारळावर दोन बसले होते, खाली यायचं नाव नाही. सगळं घर अंगणात माना वर करून उभं. थोरले मामंजी वर कमी आणि माझ्याकडं जास्त बघत होते. त्यांचं म्हणणं काय ते न बोलताही सगळ्यांना कळत होतं. शेवटी सासूबाई पुढं गेल्या, पदर दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटल्या. कावळा उतरला. सासऱ्यांच्या आईला त्यांनी काही कबूल केलं असेल, असं आम्ही धरून चाललो.

त्यानंतर नवमी. त्या साली पाऊस लांबला होता, घरात ओल होती. गावात तापाची साथही पसरायला लागली होती. महाराजांच्या वाड्याचे दिवे लागले, पण गर्दीला जोर नव्हता. थोरले मामंजी सकाळीच आले आणि पाटासमोर बसले. मामंजींनी स्वतःची तलवार काढून ठेवली. मग यजमानांची हातात घेतली, आणि ती म्यानातून निघेना. वर्षभर कुणी काढली नव्हती, पातं गंजून आत धरलं होतं. मामंजींनी दोनदा ओढली, तिसऱ्यांदा हात सैल सोडले.

“तलवारच सांगते आहे,” थोरले मामंजी म्हणाले. “तुम्ही ऐकत नाही.”

मामंजींचे डोळे भरून आले. त्यांनी म्यान तसंच पाटावर ठेवायला हात पुढं केला. मी दाराला घट्ट धरून ठेवलं होतं. मला वाटलं, झालं, आता कुणी वाचवत नाही. सासूबाई देवघरातून तेलाची वाटी घेऊन आल्या. बायकांनी नवमीच्या शस्त्राला हात लावायचा नसतो आमच्यात. त्यांनी म्यानाच्या तोंडात तेल ओतलं, म्यान पायाखाली धरलं, मूठ एका हातात आणि जेवढं पातं बाहेर दिसत होतं ते पदरात गुंडाळून दुसऱ्या हातात घेतलं आणि हिसडा दिला. तलवार बाहेर आली. पदर फाटला आणि उजवा तळहात अंगठ्याच्या मुळापासून कापला गेला. पाटावर रक्त पडलं. त्यांनी तलवार मांडली, जखमी हाताची मूठ आवळून धरली आणि डाव्या हातानं पात्याला कुंकू लावलं.

जखम नीट भरली नाही. हळद लावून फडक्याची पट्टी बांधायचं काम माझ्याकडं आलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. पट्टी बांधताना मी एकदा विचारलं, आत्याबाई, तुम्हाला खात्री आहे ना, ते आहेत म्हणून? त्यांनी हात ओढून घेतला आणि पट्टी सैल बांधलीस म्हणून मलाच झापलं.

आमच्या भिंतीला लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. नवरा वाड्याच्या बँडमध्ये वाजवायचा, मूळचे गोव्याकडचे, त्यामुळं त्यांची कोंकणी आणि आमचं कन्नडात कालवलेलं मराठी एकमेकांत सहज मिसळायचं. दसऱ्याच्याच दिवसांत त्यांची लहान मुलगी तापानं गेली. नवरा मिरवणुकीत वाजवत होता तेव्हा. सुतक वगैरे त्यांच्यात नसतं, पण ती बाई परसात नुसती बसून राहायची. मी काम उरकून तिच्याजवळ जायची. तिला भेटायला म्हातारे फ्रेंच पाद्री यायचे. दाढी छातीवर आलेली, जन्म गेला होता इथं, कन्नड आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. त्यांचाही कुणी पुतण्या त्याच लढाईत होता म्हणे.

एका दुपारी ते तिला सांगत होते की नोव्हेंबरच्या दोन तारखेला सगळ्या मृतांचा दिवस आहे, त्या दिवशी पोरीच्या कबरीवर दिवा लाव. मला राहवलं नाही. मी विचारलं, हा दिवस कुणी ठरवला आणि याच दिवसांत का? शेजारीण घाबरून माझ्याकडं बघायला लागली. पाद्री मात्र खुलले; मला वाटतं, त्यांना असं विचारणारं फारसं कुणी भेटत नसावं.

ते म्हणाले, आदल्या दिवशीचा सण सगळ्या संतांचा. तो फार पूर्वी रोममध्ये वसंतात, मे महिन्यात करत असत. पुढं तो नोव्हेंबरात आणला. का आणला यावर नाना मतं आहेत, पण एक जुनं लिहिणं असं की उन्हाळ्याच्या तोंडावर यात्रेकरूंची एवढी झुंबड उडायची की त्यांना घालायला अन्न पुरेना. सुगी झाल्यावर मात्र कोठारं भरलेली असतात. आणि दुसऱ्या दिवशीचा मृतांचा दिवस नऊशे-हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका मठाच्या महंतांनी घालून दिला. त्याची एक गोष्ट सांगतात. यरुशलेमहून परतणारा एक यात्रेकरू वादळात सापडून एका बेटाला लागला. तिथल्या तपस्व्यानं त्याला सांगितलं, इथल्या खडकांच्या फटीतून मला रोज रडणं ऐकू येतं. ज्यांच्यासाठी कुणी प्रार्थना करत नाही त्यांचं ते रडणं आहे, मठात जाऊन सांग. यात्रेकरूनं येऊन सांगितलं आणि महंतांनी दिवस नेमला. गोष्ट खरी की खोटी ते मला ठाऊक नाही, असं म्हणून पाद्री हसले.

यरुशलेम म्हटल्यावर मी पुढं सरकले. रिसाला त्याच मुलखाकडं निघाला असं मामंजींनी कचेरीत ऐकलं होतं. भिंतीपलीकडं आमच्या परसात सासूबाई भात कांडत होत्या, मुसळाचा आवाज येत होता. मी आवाज खाली आणून विचारलं, माणूस जिवंत आहे की गेला हेच ठाऊक नसलं, आणि त्याच्यासाठी दिवा लावला, तर ते अशुभ नाही का? तुमच्या लोकांत तो मेला असं धरतात का?

मुसळ थांबलं होतं. मला ते नंतर आठवलं.

“मेणबत्ती लावली म्हणून कुणी मरत नाही, मगळे,” पाद्री म्हणाले. ‘मगळे’ म्हणजे मुली. “आणि आमच्या मेणबत्तीनं तुमच्या घरात काहीच बदलत नाही. ती फक्त त्याच्यापर्यंत जाते.”

पुढं शाळेत शिकवायला लागल्यावर मी या दिवसांबद्दल जमेल तेवढं वाचलं. आयर्लंडकडच्या जुन्या लोकांत सुगी संपून थंडी सुरू होताना गुरं डोंगरावरून खाली आणत आणि त्या रात्री मेलेले घरी येतात असं मानत. चर्चनं आपला सण त्यावर बसवला असं काही म्हणतात, काही म्हणतात तसं मुळीच नाही. पंडितांची भांडणं पंडितांना लखलाभ. मला एवढंच दिसतं की धान्य घरात आलं की माणसाला न जेवता गेलेल्यांची आठवण होते, मग ते रोम असो की म्हैसूरजवळच्या वरुणे गावची भातशेतं.

त्या साली मृतांचा दिवस आणि आमची नरकचतुर्दशी अशी लागून आली की दोन तारखेच्या संध्याकाळनंतर उजाडताच अभ्यंगस्नान. थोरल्या मामंजींनी सांगून ठेवलं होतं की पाडव्याला आपण येणार. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. ही कुणाला ओवाळते ते बघू, असं ते गल्लीत उघड म्हणाले होते. म्हणजे शेवटचा सण तो. त्यानंतर वाट बघायला काही उरत नव्हतं.

दोन तारखेला सासूबाई सकाळीच वरुणेला गेल्या. तिथं आमच्या वाट्याच्या शेताचे नवे पोहे दिवाळीला यायचे, ते आणायला. संध्याकाळपर्यंत येते म्हणाल्या. दिवस कलताना शेजारणीनं हाक मारली; तिच्या हातात फुलांची टोपली आणि मेणबत्त्या, नवरा वाड्यावर अडकलेला, एकटीनं जायचं तिच्या जिवावर आलं होतं. मामंजी ओट्यावर होते. त्यांना विचारायला मला धीर होईना, तेव्हा त्यांनीच मान हलवून जा म्हटलं.

स्मशान चर्चच्या मागं होतं. साथीमुळं ताज्या कबरी कितीतरी, माती अजून बसली नव्हती. पण अंधारून येत होतं आणि सगळीकडं मेणबत्त्या लागत होत्या. लोक कबरी झाडत होते, चुन्याचे हात देत होते, शेवंती पसरत होते; कुणी केळी, कुणी भाकरी ठेवली होती. मला एकदम आपल्याकडच्या अमावास्येची पानं आठवली आणि रडू आलं. पाद्री कबरीकबरीवरून पाणी शिंपडत हिंडत होते. शेजारीण पोरीच्या मातीशी बसली. तिनं एक मेणबत्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, घे, तुझ्या मनात असेल तर.

माझ्या मनात काय आहे तेच मला कळत नव्हतं. लावली तर तो मेला असं मी स्वतःच म्हटल्यासारखं. नाही लावली आणि खरंच मेला असेल तर तो तिकडं वाळवंटात उपाशी. मेणबत्ती हातात धरून मी स्मशानाच्या कडेनं चालत राहिले. भिंतीजवळ एक उघडी जागा होती, जिथं बेवारशांना पुरत. तिथं कबर नव्हती, क्रूस नव्हता. तिथं एक बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. तिच्यापुढं एक मेणबत्ती आणि केळीच्या पानावर उकडलेल्या शेंगा. वारा अडवायला तिनं हात ज्योतीसमोर धरला होता, आणि त्या तळहाताला मी सकाळी बांधलेली पट्टी होती.

सासूबाईंनी वळून पाहिलं. दचकल्या नाहीत, फक्त पदर आणखी पुढं ओढला. मी समोर बसले. शेंगा बघितल्या आणि विचारायचं काही उरलंच नव्हतं, तरी विचारलं, कधी कळलं तुम्हाला?

“तो नालबंद पहिल्यांदा आला त्या दुपारी,” त्या म्हणाल्या. “त्याच्या मांडीवर गेला माझं पोर. मग त्यांना पळावं लागलं, तिथंच टाकून. मी त्याला म्हटलं, पुरुषांना घोड्याचं तेवढं सांग.”

म्हणजे पितृपक्ष, नवमी, ते तेल, तो हिसडा, सगळं माहीत असताना. कावळ्यापुढं पुटपुटल्या तेही मला कळलं. मुलालाच सांगितलं होतं त्यांनी, आज या घासासाठी अडून बसू नकोस, तुला मी वेगळं जेवायला घालीन. कुठं घालायचं ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. ते भिंतीपलीकडून ऐकल्यावर कळलं.

मी म्हणाले, आत्याबाई, का?

“एक गेलं. दुसरं काय सुम्मने कोट्याला पाठवू?” मग नेहमीच्या कोरड्या आवाजात, “इथली मेणबत्ती आपल्यात श्राद्ध म्हणून धरत नाहीत. म्हणून इथं आले. तू पण लाव. आणि रडायचं ते इथं रडून घे. घरी उद्या दिवाळी आहे.”

मी विधवा झाले ती तिथं, परक्या धर्माच्या स्मशानात, हातात हिरवा चुडा असताना. मी माझी मेणबत्ती त्यांच्या मेणबत्तीवर पेटवली. रडले, तोंडात पदर कोंबून रडले. त्या रडल्या नाहीत. शेंगा सोलून दाणे पानावर ठेवत होत्या, एकेक, जसे मुलाला भरवतात तसे. पाद्री आमच्यापर्यंत आले, दोघींच्या कपाळांवरचं कुंकू त्यांना मेणबत्तीच्या उजेडात दिसलं असणारच. त्यांनी पाणी शिंपडलं आणि पुढं गेले. घरी जाताना सासूबाईंनी पोह्यांचं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं. त्या खरंच वरुणेला जाऊन आल्या होत्या; खोटं बोलायचं तर त्यातही त्यांचं काम चोख.

दिवाळीत मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. उटणं लावलं, फराळ केला, लोकांशी बोलले. पाडव्याला थोरले मामंजी आले, त्यांच्याबरोबर घराण्यातले आणखी चारजण. ओसरीवर बसले. मी ताट तयार करून दाराशी उभी होते. मामंजींना सासूबाईंनी ओवाळलं. मग थोरले मामंजी म्हणाले, आता धाकट्या सूनबाईंनी कुणाला ओवाळायचं ते सांगा.

सासूबाई आत गेल्या आणि यजमानांची तलवार घेऊन आल्या. नवमीनंतर त्यांनी तिला रोज तेल दिलं असणार, कारण ती म्यानातून सुरळीत निघाली. पाटावर उभी टेकवून त्यांनी मूठ स्वतःच्या पट्टीच्या हातात धरली आणि मला म्हणाल्या, ओवाळ. ओसरीवर सगळ्यांचे डोळे माझ्या हातांवर. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ताट फिरवलं. माझ्या मनात त्या वेळी बेवारशांच्या भिंतीजवळची ती मेणबत्तीच होती. ताट डगमगलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

“हयात असता तर ओवाळणी घातली असती,” थोरले मामंजी हळू आवाजात म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांनाही कुठंतरी हे संपावं असंच वाटत होतं, मला वाटतं.

सासूबाईंनी तलवार मामंजींच्या हाती दिली. कमरेला खोचलेला चांदीचा कुंकवाचा करंडा काढला, त्यांच्या लग्नातला, आणि माझ्या ताटात ठेवला. “त्याच्या वतीनं,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या तोंडावर बघत उभ्या राहिल्या. थोरले मामंजी उठले आणि जोडे घालून निघून गेले. पुढं बारा वर्षं झाली तेव्हा तो प्रश्न विचारायला ते उरले नव्हते.

त्या पाडव्यानंतर सासूबाईंनी स्वतःसाठी कधी दुसरा करंडा केला नाही; देवाच्या कुयरीतलं कुंकू बोटानं लावायच्या. दर साली नोव्हेंबरात त्या पोह्यांसाठी वरुणेला जायच्या आणि मी शेजारणीबरोबर फुलं घेऊन. आम्ही दोघी त्याबद्दल घरात कधी बोललो नाही. त्या गेल्यावर त्यांचं श्राद्ध आमच्या भटजींनी रीतसर केलं, पहिल्याच हाकेला कावळा शिवला. आता मी म्हैसुरातच, पण सरस्वतीपुरममध्ये राहते, इथून ते स्मशान लांब पडतं, तरी दोन तारखेला जाते. सकाळी निघण्याआधी करंडा उघडते आणि कुंकू लावते, कारण ते त्यांनी लावायला दिलं होतं.